मायक्रोमीटरचं ते पान मीच टाईप केलं होतं

मागच्या मंगळवारी माझ्या हातून एका मुलीची नोकरी गेली. आठ दिवस झाले, चारचौघांत बोलले नव्हते... आज लिहिते.

बारामती एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी क्वालिटी बघते. आमच्या लॅबमध्ये ट्रेनीची एकच जागा निघाली होती. अट अशी, की मेकॅनिकलची डिग्री घेऊन दोन वर्षं उलटलेली नकोत. शेळगावची अश्विनी इंटरव्ह्यूला आली तेव्हा तिच्या दोन वर्षांतले जेमतेम पंधरा दिवस उरले होते. दोन वर्षं उलटली की आमच्यासारख्या कंपन्या फॉर्मसुद्धा घेत नाहीत.

सोबत तिचे वडील होते. ती त्यांना तात्या म्हणते. निमगाव केतकीपर्यंत मोटरसायकलवर आणि तिथून एसटीने आले होते. गेटवर मला म्हणाले, "म्याडम, कॉलेज सुटल्यापास्नं पोरगी मोबाईलवरच शिकतीय. भेंडी तोडताना बी कानात लेक्चर असतंय. जरा बगा." मी मान हलवली. सगळेच बाप असं सांगतात, असं मनात आलं... खोटं कशाला बोलू!

पोरगी चांगली होती. ड्रॉइंग वाचलं, मटेरियलच्या प्रश्नांची उत्तरं दिली, कुठे अडखळली नाही.

इंटरव्ह्यूत मी एक डाव हमखास टाकते. जाडी मोजायचा मायक्रोमीटर, तोही मुद्दाम चुकलेला, हातात देते, म्हणजे जबडे पूर्ण मिटवल्यावरही शून्याऐवजी दोन शतांश मिलिमीटर दाखवणारा. पार्टचं जे माप येईल त्यातून तेवढं वजा केलं की झालं. अश्विनीने आधी तो मिटवून बघितला आणि चूक बरोबर पकडली. मग माप घेतलं... आणि वजा करायच्या जागी मिळवलं.

माझी जीभ आधीच तिखट, त्यात शेजारी साहेब बसलेले, मग काय! म्हटलं, "घरी भाजी मोजता ना? रिकामा काटाच पन्नास ग्रॅम दाखवत असेल तर वजनात आणखी पन्नास मिळवता का?" साहेब खो खो हसले. मीही हसले.

ती खाली बघत म्हणाली, "न्हाय मॅडम, तितं वजाच करतो आमी... पण नोट्समदी मिळवा असंच हाय."

मी तिच्या फॉर्मवर 'बेसिक कच्चं' असा शेरा मारून सही ठोकली. साहेब फॉर्म घेऊन बाहेर गेले. मी आपलं सहज म्हटलं, दाखवा बरं कसल्या नोट्स त्या.

तिने पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स काढली. पानांच्या कडा हाताळून मऊ पडलेल्या, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. प्रत्येक पानाच्या तळाशी एका ऑनलाईन चॅनेलचं नाव होतं. ते चॅनेल माझं.

शेवटच्या वर्षाला असताना मी ते काढलं होतं. आमच्या कॉलेजात सबमिशन म्हणजे सीनियरचं जर्नल उतरवून काढायचं. मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद असायचे आणि आम्ही व्हरांड्यात बसून प्रयोगाची रीडिंग्ज लिहायचो. सीनियरनेही कोणाचं तरी उतरवलेलंच असायचं. सर न बघता सही करायचे.

तीच पानं मी टाईप केली, पीडीएफ बनवली आणि 'ज्यांना क्लास परवडत नाही त्यांच्यासाठी' असं लिहून टाकली. केवढं कौतुक झालं होतं तेव्हा माझं! खरा मायक्रोमीटर हातात आला तो नोकरी लागल्यावर. तेव्हा बरोबर रीत शिकले, पण जुनी पीडीएफ उघडून बघायचं काही सुचलं नाही.

"मॅडम, नोट्स चुकीच्या आहेत का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघून सांगते." भित्रेपणा... दुसरं काय. तात्या जाताना हात जोडून गेले, तेही मी खिडकीतून बघितलं.

संध्याकाळी हिय्या करून साहेबांना सगळं सांगितलं. जागा दुपारीच भरली होती, कन्हेरीच्या एका मुलाला होकार कळवून झाला होता.

घरी येऊन पीडीएफ काढून टाकली. पण ती कुठे कुठे पोचली आहे... भलत्याच साईट्सवर, भलत्याच नावांनी. आणि मग आठवलं, वर्षभरात आणखी चार-पाच जणांनी माझ्यासमोर असंच मिळवलं होतं. त्यांनाही मी नापास केलं होतं आणि डबा खाताना त्यांच्यावर हसले होते. आज त्यांची नावंही आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अश्विनीला फोन केला. तात्यांनी उचलला. सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "म्हंजी पोरीनं ध्यान दिऊन वाचलं म्हणून गेली व्हय तिची नोकरी?"

त्यांनी फोन अश्विनीला दिला. ती रडेल, चिडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "मॅडम, मग बाकीची पानं बरोबर आहेत का?"

मला माहीत नव्हतं. अजूनही पुरतं माहीत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी फोनवर एकेक पान तपासतोय. आणखी दोन चुका सापडल्या. दोन्ही तिनेच काढल्या.

तेव्हा ज्यांच्याकडे माझ्या नोट्स असतील त्यांनी मायक्रोमीटरचं पान आधी फाडून टाका. मिटवल्यावर शून्याच्या पुढे दाखवत असेल तर तेवढं वजा करायचं. हे पुढे पाठवा... चूक जितकी लांब गेली तितकं तरी जाऊ दे. आणि कोणाच्या लॅबमध्ये जागा असेल तर मला लगेच कळवा, अश्विनीच्या हातात आता सातच दिवस आहेत.

अश्विनी, फोनवर तुझी माफी मागून झाली आहे. पण तुला हसले होते ते साहेबांसमोर, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर मागते.