शेवट न पाहिलेला पंडित

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या माणसाला सगळे पंडित म्हणत. नाव थट्टेत पडलं होतं, त्याने मात्र ते मानाने मिरवलं. बायकोच्या कानावर ते आलं की शिलाई मशीनवर तिचा पाय जरा जोरातच पडायचा.

बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात तिचं मशीन. लोकांच्या पँटी आखूड करायची ती. समोर टीव्ही, आणि त्याखाली मऊ फडक्याने पुसलेले तीन गेम कन्सोल: काळा, पांढरा आणि हातात मावणारा छोटा. पंडिताचा विषय एकच. ज्या खेळांत आपणच एखादा योद्धा होऊन गावोगाव हिंडायचं, एक लांबलचक गोष्ट जगायची, ते रोल-प्लेइंग गेम कोणत्या कन्सोलवर सरस?

"काळा तो काळाच," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "गोष्टी त्याच्याकडे. पांढऱ्यावर नुसती हाणामारी. आणि छोटा? तो दुधाचे दात पडायच्या वयासाठी." कुणाकडे पांढरा आहे असं कळलं, की त्या माणसाच्या अंगाला वास येत असल्यासारखं नाक मुरडायचा.

बायकोची मोठी बहीण, इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन, पाय मोडला म्हणून त्यांच्याकडे राहायला आली. पडून पडून ती वैतागली, तेव्हा पंडिताने मोठ्या उदारपणे छोटा कन्सोल पुढे केला.

"घ्या ताई. पडला तरी नुकसान नाही. तुम्हाला झेपेल असा एक गेम आहे यात. नावाड्याची मुलगी हरवलेल्या भावाला शोधते."

ताईंनी चष्मा चढवला आणि मान खाली घातली ती घातलीच. आधी प्रत्येक वळणावर मरायच्या आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात चडफडायच्या. पुढे चडफड कमी झाली. एका सकाळी त्यांनी खणखणीत आवाजात बहिणीला सगळा शेवट सांगितला. पंडित आत दाढी करत होता.

रविवारी त्याचे दोन मित्र आले. पंडित उभा राहून बरसू लागला. "छोट्याच्या लायब्ररीत, म्हणजे त्याच्यावरच्या गेमच्या साठ्यात, दमच नाही. तो नावाडणीचा गेमच घ्या. सुरुवात बरी, पुढे सगळं पाणी."

"पुढे म्हणजे कुठे?" ताईंनी कॉटवरून विचारलं.

"म्हणजे... एकंदरीत."

"बरं, तो राहू द्या. काळ्यावरच्या कुठल्याही एका गेमचा शेवट सांगा."

"शेवट सांगायचा नसतो, ताई. लोकांची मजा जाते."

"माझी जाऊ दे. सांगा. लायब्ररी म्हणता ना? मग एखादं पुस्तक तरी पूर्ण वाचलं असेल."

पंडिताने मित्रांकडे पाहिलं. दोघेही आपापल्या कपात बघत होते.

मशीन थांबलं. दुसऱ्या-तिसऱ्या गावापर्यंत खेळायचं, मग मोबाइलवर कुठला कन्सोल भारी याची भांडणं वाचत बसायचं, हे बायको रोज बघत होती. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपल्यालाच यातलं काही कळत नाही. नवऱ्याची कीव यायला हवी होती. आलं ते हसू. तिने दोरा दातात धरून ते दाबलं.

पंडिताने ईर्ष्येने रजा टाकली आणि काळ्यासमोर ठाण मांडलं. दुपारी तिने बघितलं, तर पडद्यावरचा योद्धा एका शेतात खांबासारखा उभा होता आणि पंडित मोबाइलमध्ये.

"खेळत नाहीस?"

"नव्या कन्सोलवर काय काय येणार, ते आधी बघायला नको?"

ताई काठी टेकत चालायला लागल्या आणि आपल्या घरी निघाल्या. छोटा कन्सोल त्यांनी सरळ पिशवीत टाकला. "नेते हा. तुम्हाला कुठे लागतो?"

पुढच्या आठवड्यात पंडित घराची किल्ली विसरला. बायको ती द्यायला दुकानात गेली, तर आतून त्याचा आवाज येत होता.

"खरी लायब्ररी छोट्याचीच, साहेब! त्या नावाडणीचा शेवट बघितलात? भाऊ सापडतो, पण परत यायला तयार नसतो. मग होडी त्यालाच देऊन ती पायी घरी निघते. रडलो हो मी."

तिने किल्ली काउंटरवर आपटली.

"कधी रडलास? मी घरीच होते."

गिऱ्हाइकाने घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. ती पायऱ्या उतरली. पँटी संध्याकाळी द्यायच्या होत्या.