साखळीची चार बोटं

जमीन मोजणीचा परवाना मला मिळाला तो एका म्हातारीच्या घरावर पाय देऊन. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. वडील रेल्वेतले, घरी येईल त्या पाहुण्याला तो कागद कौतुकानं दाखवायचे आणि मी चहाचं निमित्त करून आत सटकायचो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. तेलीबांध्याच्या पुढे, पार शेतांमध्ये, नवं शहर आखायचं चाललं होतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते काका आमच्याच विदर्भाकडचे, जुने परवानाधारक मोजणीदार. 'याचं काम निर्दोष आहे' असं त्यांनी लिहून दिलं तरच मला परवाना मिळणार होता.

काकांच्या अंगणात सिमेंटमध्ये दोन खिळे पक्के केलेले होते, बरोबर वीस मीटरवर. रोज निघण्याआधी मोजणीची लोखंडी साखळी त्या खिळ्यांमध्ये ताणून पाहायची. ओढून ओढून तिच्या कड्या फाकतात आणि साखळी वाढते. मग वहीत लिहायचं, 'तपासली, बरोबर.' हे काम माझं होतं. त्या आठवड्यात जीप फार लवकर निघायची, म्हणून मी दीडशहाण्यानं सोमवारीच सहाही दिवसांचं 'तपासली, बरोबर' लिहून टाकलं.

नव्या शहरासाठी एका गावातली शेतं घ्यायची होती, वस्ती तशीच ठेवायची होती. शेतातल्या सरकारी दगडापासून वस्तीकडे चौदा साखळ्या मोजल्या की हद्द. वस्तीच्या टोकाला एका एकट्या म्हातारीचं मातीचं घर होतं. चौदावी साखळी संपली ती घरात, शेताकडच्या भिंतीलगतच्या चुलीपाशी. म्हातारी दारात उभी होती. तिनं चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बने नापे हस न, बेटा?" नीट मोजलंस ना?

"हव," मी म्हणालो. तिनं मला लोटाभर पाणी दिलं आणि पंचनाम्यावर अंगठा उठवला. अर्धं घर ठेवता येत नाही, त्यामुळे सगळंच गेलं.

पुढच्या सोमवारी साखळी खिळ्यांवर ताणली. ती चार बोटं लांब निघाली. चौदा वेळा चार बोटं, म्हणजे मी दोन हातांच्याही वर पुढे गेलो होतो. हद्द तिच्या भिंतीच्या बाहेरच राहायला हवी होती. मी काकांना सांगितलं.

"आता काहून सांगून राहिला बे?" ते म्हणाले. "सह्या झाल्या, अंगठे झाले. तोंड उघडशीन तर तुहं लायसन गेलं अन् माहंही. तुले पायजे का नाही, ते सांग."

मला पाहिजे होतं. काकांवर ढकलायला बरं वाटतं, पण त्यांनी मला विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. त्यांनी निर्दोष कामाचा दाखला त्याच संध्याकाळी लिहून दिला.

परवाना आल्यावर तीनेक महिन्यांनी त्या गावचा कोटवार, म्हणजे आपल्याकडचा कोतवाल, माझ्या दारात आला. म्हातारीला दुसरीकडे जागा मिळाली होती, तिच्या खुणा मारायच्या होत्या. सरकारी माणूस फुकट येत होता, पण ती ऐकेना. म्हणे, तोच पोरगा पाहिजे, तो इमानदार आहे, आपलं घर जात असताना बिचाऱ्याचा चेहरा पडला होता.

मी गेलो. निघण्याआधी साखळी तीन वेळा तपासली होती. जागा उघडी बोडकी, एका बाजूला रस्त्याची खडी टाकलेली. म्हातारी माझ्यामागे कोपऱ्या-कोपऱ्यानं फिरली. चारही खुंट्या ठोकून झाल्यावर तिनं मला पाणी दिलं. लोटा तोच होता. आत्ताच सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. मी पाणी पीत राहिलो.

"बने नापे हस न, बेटा?"

"हव," मी म्हणालो.

तिनं दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि कोटवाराला म्हणाली, बघ, त्या दिवशीही हा असंच बोलला होता.