पोपटाच्या अडकित्त्याची बोली

दोन दुकानदार भांडले की गिऱ्हाईकाचं भलं होतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हे ज्यानं सांगितलं त्यानं माझ्या सासूबाईंच्या हातात मोबाईल पाहिला नव्हता.

जुन्या वस्तूंच्या लिलावाची साइट आमच्या अमरावतीच्या घरात शिरली ती माझ्यामुळे नाही, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाईंना ती जाहिरातीत सापडली. मग रोज दुपारी चष्मा लावून त्या पितळेचे गडवे, डबे, समया बघायच्या आणि हळहळायच्या. "अवं, अशी घागर तं म्या मोडीत देल्ली! स्टीलच्या दोन डब्यांसाठी!" घेत काहीच नव्हत्या. फुकटचं दुःख होतं, म्हणून मीही गप्प बसले.

एक दिवस त्या ओरडल्या. पोळी तव्यावर टाकून मी धावले. मोबाईलवर पितळेचा, पोपटाच्या आकाराचा अडकित्ता होता. "हा माह्या मायचा!"

ती गोष्ट मला पाठ होती. त्यांची आई गेली आणि तेरवीनंतर तिचा अडकित्ता सापडेना. तो थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या अकोल्याच्या मावशींनी नेला, अशी सासूबाईंची खात्री. तोंडानं मात्र कधी विचारलं नाही. दोघी फोनवर बीपीपासून तुरीच्या भावापर्यंत सगळं बोलायच्या, एवढं सोडून. अकोल्याला गेल्या की सासूबाई "आज च्या मी ठेवतो" म्हणत स्वयंपाकघरात शिरायच्या आणि चहापत्ती शोधायच्या निमित्तानं एकूण एक डबा उघडून बघायच्या. मावशी आमच्याकडे आल्या की तेच करायच्या. त्या का करतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"ताई इकून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "मायची वस्तू बाजारात मांडली!"

विकणारा परराज्यातला आहे, हे मी दाखवलं.

"मधात माणूस घातला असन."

"मग फोन लावून विचारा ना."

"मी काहून विचारू? तिनं सांगाले पाह्यजे."

झालं. बोली लावायचं काम माझ्याकडे आलं. नेमकी तेव्हा अशा दोन साइटींची जुंपली होती. एकीनं विकणाऱ्यांचं कमिशन माफ केलं, तर दुसरीनं घेणाऱ्यांना कूपनं वाटली. आमचा विकणारा हुशार. त्यानं एकच फोटो दोन्हीकडे चढवला. आम्ही पन्नास रुपयांचं कूपन लावून आठशेची बोली लावली आणि लगेच त्याचा मेसेज आला: 'माताजी, दुसऱ्या साइटवर बाराशे चालू आहे. तिकडे जास्त मिळाले तर इथून काढून घेईन.' मी पाहिलं, खरंच होतं. बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नव्हतं, फक्त गाव दिसत होतं. अकोला.

"पाह्यलं? स्वतःच भाव चढवून राहिली!"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. बाराशेचे दोन हजार झाले, दोनाचे चार. आमची चढाओढ बघून बाकीच्या विकणाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. ज्या साध्या अडकित्त्यांना कुणी विचारत नव्हतं, तेही दोन्ही साइटींवर हजाराच्या वर गेले. "आई, डॉक्टरांनी तुमची सुपारी बंद केली आहे!" मी चिडून म्हटलं. "सुपारीसाठी कोन घेऊन राह्यलं?" त्या म्हणाल्या आणि सात हजारांना पोपट आमचा झाला. मला चार दिवस त्यांच्याशी धड बोलवेना.

पार्सल आलं. सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. "चाल अकोल्याले. तिच्या तोंडासमोर ठेवतो." असल्या भांडणात पाणी द्यायला कुणीतरी लागतं, म्हणून मी गेले. बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून त्या आपली वाक्यं घोकत होत्या.

मावशींनी दार उघडलं. सासूबाईंनी चपला न काढताच आत जाऊन पलंगावर अडकित्ता ठेवला.

"घे! इकला होता ना तू?"

मावशींनी कपाटातून एक पुडकं काढलं आणि पहिल्याशेजारी दुसरा पोपट ठेवला. "म्या तं तुह्यापासून सोडवला," त्या म्हणाल्या. "अमरावतीवाली भाव चढवून राहिली, असं दिसे मले."

तीच मान, तीच चोच. मी एक उचलला तर त्याचा रंगवलेला जुनेपणा हिरवा होऊन माझ्या अंगठ्याला लागला. त्या भामट्यानं दोघींनाही 'तोच' अडकित्ता पाठवला होता. मी तक्रार, पोलीस, पैसे परत असं काहीबाही बोलत सुटले. कुणी ऐकत नव्हतं.

"म्हंजे तुह्याजवळ नव्हता?" सासूबाईंनी विचारलं.

"मले वाटे, तू नेला."

"म्या?"

मावशी आधी हसल्या. सासूबाई आधी रडल्या, मग हसल्या. एवढा राग घेऊन आले होते मी, तो आता कुठं ठेवावा ते कळेना.

"मंग मायचा गेला कुठं असन वं?" मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"जाऊ दे. तुह्याजवळ नाही ना, बस झालं."

सासूबाईंनी तेव्हा कुठे चपला काढल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी सवयीनं कान लावून बसले. एकाही डब्याचं झाकण वाजलं नाही.

"ताई," आतून आवाज आला, "चहापत्ती कोन्त्या डब्यात हाय वं?"