नातीच्या ठेवीवर लेकाचा कर

नात शाळेत होती तेव्हा गंगापूरच्या माहेरच्या जमिनीतला माझा वाटा विकला. ते पैसे मी बँकेत तिच्या नावानं ठेवले. मनात तिचं लग्न होतं. मी चौथी शिकलेली. कागदावर नाव कुणाचं टाकलं म्हणजे काय होतं, एवढा विचार केला नाही.

लहान पोराच्या नावावरचं व्याज आईबापाच्या कमाईत धरतात. वाळूजला नोकरी करणारा माझा लेक त्यावर दरवर्षी कर भरत गेला. पोरगी अठराची झाली, कॉलेजात गेली, पदवी घेऊन घरी आली, तरी भरतच होता. आमच्याकडं लग्न होईपर्यंत पोरगी बापाचीच. कुणाला त्यात चूक दिसली नाही.

यंदा नातीला नोकरी लागली, म्हणून लेक तिला कर सल्लागाराकडं घेऊन गेला. मलाही नेलं. तिथून बँकेत जाऊन ठेव मोडायची होती, कारण सोयरीक जमत आली होती.

सल्लागारानं कागद पाहिले आणि लेकाला विचारलं, "काका, हिच्या व्याजावर तुम्ही का कर भरता?"

"माझी पोरगी आहे."

"अठराची झाली तेव्हाच ते संपलं. मग ती शिकत असो, नाहीतर तुमच्याकडं जेवत असो. व्याज तिचं, कर तिचा. कॉलेजात तिची दुसरी कमाई नव्हती, तिला एक रुपया कर बसला नसता. तुम्ही फुकट भरला."

इतकी वर्षं!

लेक म्हणाला, "जाऊ द्या. पुढं बी मीच भरतो. माझ्यातच राहू द्या."

"ते तुमच्या हातात नाही. ठेवही तिची. मोडायला सही तिचीच लागेल."

नात खुर्चीत सरळ झाली. "माझी सही? मग मला विचारलं का नाही?"

"लई शहाणी झालीस," लेक तिला म्हणाला. "लग्नाचे पैसे हायत ते."

"लग्न करते म्हणून मी सांगितलं व्हय? मला पुढं शिकायचंय." ती माझ्याकडं वळली. "आज्जी, तू कशाला ठेवले होते?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "लग्नालाच," मी म्हणाले.

लेकाला जरा बरं वाटलं.

"मग तुझ्या नावावर ठेवायचे होते. माझ्या नावावर टाकले, आता ते माझे. मी सही करणार नाही."

घरात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी सल्लागाराकडं पाहिलं. तो कागदात डोकं घालून बसला. म्हणजे पोरगी खरं बोलत होती.

लेक सोयऱ्यांना फोन करायला ताडकन उठून बाहेर गेला. नात सल्लागाराला विचारू लागली, पगार आणि व्याज मिळून कर बसेल का, आणि कुठं भरायचा. मध्येच थांबून मला म्हणाली, "तू पप्पांबरोबर रिक्षानं जा. मला वेळ लागेल."

तिनं दार उघडून धरलं आणि मी बाहेर पडले.