सोनावणे बाईंची गाळणी

लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर सुरू झाला की सोनावणे बाई भरलं ताट ठेवून उठायच्या. "ई! हे गाणं नाही गं, ओकारी आहे. ही ऐकत जेवायचं कसं?" असं वरपित्याच्या तोंडावर म्हणायच्या आणि चालू लागायच्या. शेजारीण म्हणून मी बरोबर गेलेली. माझी जिलेबी कितीदा तशीच राहिली.

अंबरनाथच्या एका कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. उल्हासनगरचं एक जुनं थिएटर पाडलं, तेव्हा पडद्यामागचे दोन भलेमोठे भोंगे आणि त्यांच्या खालच्या पेट्या त्यांनी टेम्पोत घालून आमच्या बदलापूरच्या सोसायटीत आणल्या. भोंग्याच्या मागे अगदी पातळ पत्रा असतो. बोलणं, सनई, टाळ त्याने म्हणायचं. ढोलाचा ठोका पेटीने. ठोका भोंग्यात शिरला की पत्रा फाटतो, आणि तसला पत्रा आता कुठेच मिळत नाही. म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या करणारा क्रॉसओव्हर लागतो. बाई त्याला गाळणी म्हणायच्या. उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजारातून तांब्याची तार आणून कॉइल स्वतः गुंडाळायच्या, जोडायच्या, ऐकायच्या, तोंड वाकडं करून पुन्हा उसवायच्या. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, रेडीमेड मिलता है, लगाओ और भूल जाओ." बाई फणकारायच्या, "रेडीमेडचा उतार सौम्य असतो. त्यावरून ठोका चढून येतोच. मला कडा पाहिजे, कडा! चढताच येऊ नये."

हा सगळा खटाटोप नानांसाठी. नाना म्हणजे त्यांचे मिस्टर. हृदयाचं ऑपरेशन झालेलं आणि घर पहिल्या मजल्यावर, बरोबर गणपतीच्या मांडवासमोर. मागच्या वर्षी डीजेच्या दणक्याने त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बाई कमिटीपुढे उभ्या राहिल्या. "यंदा आवाज माझा. आवडला तर डीजे कायमचा बंद." सेक्रेटरी दळवी हो म्हणाले.

काय ती पहिल्या दिवशीची आरती! हळू लावली होती, तरी पार शेवटच्या बिल्डिंगमधल्या आजींना टाळ न् टाळ ऐकू आला. नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, जिंकल्या बाई.

विसर्जनाच्या दिवशी बाई नानांना तपासणीला घेऊन गेल्या. इकडे मंडळाची पोरं दळवींना म्हणाली, "दम नाय आवाजात. तो डब्बा सगळा बेस खातो." डब्बा म्हणजे गाळणी. दळवींनी ती काढायला लावली आणि भोंगे थेट मंडळाच्या मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडले. दोन्ही भोंगे एकदा किंचाळले, मग नुसती खरखर. आणि ही माणसं हसली हो! लगेच डीजे मागवला.

बाई परतल्या तेव्हा खिडक्या थरथरत होत्या. दळवी म्हणाले, "मॅडम, जुनाच माल तो. आज ना उद्या जाणारच होता." चपलेला घाण लागावी तसं बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नानांना रिक्षातून उतरूच दिलं नाही. तशाच अंबरनाथला भावाकडे निघून गेल्या.

पुढे सामान न्यायला आल्या, तेव्हा हा निर्लज्ज दळवी पुन्हा पुढे. "मॅडम, भोंगे राहू द्या ना. गेटवर शोभून दिसतील."

"ठेवा," बाई म्हणाल्या. "फक्त आत काही खोचू नका. घसा होता तो."

आता ते गेटपाशीच आहेत. दोन्हींत प्लास्टिकची सूर्यफुलं खोचलीत. मला रोज दूध आणायला तिथूनच जावं लागतं. शी!