मंद गोळी

बाबांची बदली उत्तरेकडे झाली होती तेव्हा मालवीय नगरात आमच्या क्वार्टरसमोर एक निवृत्त सुभेदार राहत. मी त्यांना बाबोसा म्हणायची, ते मला बाईसा. तिकडे लेकीबाळींना मानाने अशीच हाक मारतात. एकोणिसाव्या वर्षीच मी बाई झाले म्हणून आई हसायची. बाबोसा हिंदीतच बोलत. मला मात्र ते आता मराठीत आठवतं.

जगतपुऱ्याच्या पुढे त्यांची पेरूची बाग होती आणि घरात लायसन्सची पॉइंट टू टू रायफल. पेरू पिकू लागले की कावळे उतरायचे. बाबोसा दर हिवाळ्याच्या तोंडाशी एक कावळा मारत आणि बांबूला उलटा टांगत. मग महिनाभर बाकीचे फिरकत नसत. एक कावळा, एक गोळी. दुसरी झाडावी लागली तर रायफल खाली ठेवायची, असं ते म्हणत. मोर, ससा, नीलगाय यांच्याकडे त्यांनी कधी नळी वळवली नाही. कावळ्याला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती.

माझी होती. बाबा बँकेच्या युनियनचं काम करत. जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी मराठी वाचायला शिकले तेच वाचून. जगात दोनच बाजू असतात आणि आपण बरोबर बाजूला असतो, हेही तिथेच शिकले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी शिकारीविरुद्ध हिंदीत एका पानाचं पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि एक थेट बाबोसांच्या फाटकावर चिकटवली. त्यांनी ती न फाडता सोडवली, वाचली आणि मला हाक मारली.

"छान लिहिलंयस बाईसा. दरवर्षी तुमच्या घरी टोपलीभर पेरू येतात, ते कावळे पाठवतात का, तेवढं राहिलं."

पत्रक त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

त्याच आठवड्यात त्यांना गोळ्या घ्यायच्या होत्या. जुन्या शहरातल्या बंदुकांच्या दुकानात मीच त्यांना स्कूटीवरून नेलं. मागे बसून ते म्हणाले, "आज पत्रकवाली गाडी चालवतेय. खड्ड्यात घालू नकोस."

दुकानात नवा माल आला होता. दुकानदाराने काउंटरवर दोन डबे ठेवले आणि लायसन्सवर नोंद करायला तो आत गेला. बाबोसांनी डबे उघडून पाहिले. गोळ्या लांबीला सारख्याच, डोळ्यांनी फरक कळेना, आणि डब्यावरचं सगळं इंग्रजीत.

"वाच गं. तेज कुठली? माझी रायफल तेज गोळीवर नेम धरते."

मी वाचलं. एक जलद होती, दुसरी मंद, कमी आवाजाची. मला वाटलं, मंद म्हणजे कमी हिंसा. मी मंद डब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर बागेत गेले. खरं तर नेम चुकलेला बघायला गेले. बाबोसा पाण्याच्या हौदाला टेकले, रायफल खांद्याला लावली. समोरच्या झाडाच्या शेंड्यावर कावळा होता. गोळी सुटली आणि कावळा पडला, पण मेला नाही. मंद गोळी वाटेत खाली उतरली होती. त्याचे दोन्ही पाय गेले होते. पंख मारत तो झाडाखाली भिरभिरत होता आणि वर सगळी बाग कावळ्यांनी काळी झाली होती. बाबोसांनी दुसरी गोळी झाडली. तीही त्याच्या खाली, मातीत.

मग त्यांनी रायफल हौदावर ठेवली, काठी घेतली आणि फांद्यांखालून वाकत गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मला तीन फटके ऐकू आले.

परत येऊन त्यांनी हौदावर हात धुतले आणि उजवा पंजा बराच वेळ समोर धरून पाहिला.

"हात गेला, बाईसा."

हात जराही थरथरत नव्हता. मला दिसत होतं. 'गोळी मंद होती' एवढंच म्हणायचं होतं. निर्भयपणे सत्य बोला, असं मी स्वतः पत्रकात लिहिलं होतं. मी म्हणाले, "थंडी आहे ना, बाबोसा."

कावळा त्यांनी टांगला नाही, पुरला.

महिन्याभरात ते रायफल दुकानात कायमची जमा करायला निघाले. नेलं मीच. दुकानदाराने उरलेल्या गोळ्यांचा डबा उचलला, वाचला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाबोसा, आपण तर नेहमी..."

"भैया, पावती द्या ना लवकर," मी म्हणाले. "मला क्लासला उशीर होतोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पावती लिहिली.

"तिला घाई असते," बाबोसा त्याला कौतुकाने म्हणाले. "पत्रकं लिहिते. चांगली लिहिते."

त्यानंतर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. दाढी करायला न्हावी घरी येऊ लागला. पेरू मात्र बाबांची पुन्हा बदली होईपर्यंत येत राहिले, चोची मारलेले बाजूला काढून.