देओलिंदाच्या आईला शिंगं

आमच्या गावच्या स्टेशनवर देओलिंदा आजीनं जन्मभर पाणी विकलं. भिंतीवरच्या निळ्या फरशांच्या चित्रात द्राक्षं खुडणारी बाई म्हणजे तिची आई. आईचा एकही फोटो नाही. रेल्वे कायमची बंद झाली, आता स्टेशनात वाचनालय झालं.

उद्घाटनाला पडदा सरकला आणि आजी इंजिनाच्या शिट्टीसारखी किंचाळली, "मेल्या झेफिरिनु, माझ्या आईला शिंगं?"

डागडुजीत फरशा काढून पुन्हा बसवताना दोन फरशांची अदलाबदल झाली होती. आईचं डोकं चित्रातल्या बैलाच्या मानेवर, बैलाचं आईच्या!

गवंडी झेफिरिनु चाचरला, "आजी, सिमेंट वाळलंय गं."

नगराध्यक्ष नाकातून म्हणाले, "कुणाच्या लक्षात येणारे, बाई?"

"तिच्या! छिन्नी आण रे!"

झेफिरिनुनं फरशीच्या कडेला छिन्नी टेकवली.

आजी पुटपुटली, "हळू रे. लागेल तिला."